पावाचीं परकीं नांवें व आपली जीभ

परभाषेंतील शब्द आपल्या तोंडीं कसा यावा, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. शब्द उच्चारला, ऐकणाऱ्यास कळला, काम झालें. मग त्याचा इतका काथ्याकूट कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु वर्गांत उभें राहून मुलांचें बोलणें ऐकण्यांतच ज्यांचे दिवस जातात, त्या आम्हां शिक्षकांचा अनुभव निराळा आहे. उच्चारावरून होणाऱ्या हंशानें जितकीं मुलें मुकीं झालीं, तितकीं छडीनेंहि कधीं झालीं नसतील. हा हंशा हल्लीं आमच्या किनाऱ्यावर ज्या शब्दांवरून वारंवार ऐकूं येतो, ते शब्द म्हणजे फ्रेंच भट्टींतील पावांचीं नांवें होत.

मालवणच्या माणसास फ्रेंच पावाशीं काय कर्तव्य, अशी शंका एखाद्या पालकाच्या मनांत येईल. तिचें उत्तर सोपें आहे. १९८१ सालीं रत्नागिरींतून निराळा झालेला आपला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ सालीं पर्यटन-जिल्हा म्हणून जाहीर झाला. दक्षिणेस हाकेच्या अंतरावर गोवें आहे. आणि पोटासाठीं दर्यावर जाण्याची आपल्या लोकांची रीत तर पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यामुळें आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकीं कांहीं जण दरवर्षीं मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत किंवा प्रवासी जहाजांच्या मुदपाकखान्यांत कामास लागतात. तेथें सकाळच्या न्याहारीच्या टोपल्यांत जें कांहीं असतें त्याचीं नांवें बहुतेक फ्रेंच, आणि तीं लिहिलेलीं असतात इंग्रजी अक्षरांत. येथेंच घोटाळ्यास आरंभ होतो.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सुट्टींत भेटावयास आला असतां सांगत होता कीं, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यांत त्यानें चंद्रकोरीच्या आकाराच्या त्या पापुद्र्यांच्या पावास 'क्रॉइसंट' असें म्हटलें, आणि त्या दिवसापासून सोबत्यांनीं तेंच त्याचें नांव पाडलें. पुढें कित्येक महिने तो त्या पदार्थाकडे नुसतें बोट दाखवीत असे. "सर, पीठ माझ्या हाताक कळता, नाव तोंडात बसणा नाय," हे त्याचे शब्द. ज्याच्या हातास पीठ कळतें, त्यानें नांवासाठीं मान खालीं घालावी, हें आम्हांस फार लागलें; आणि म्हणूनच या विषयावर चार गोष्टी लिहाव्या असें मनांत आलें.

प्रथम आपल्या घरच्याच शब्दाकडे पाहूं. 'पाव' हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतों कीं, तो परका आहे हेंच विसरून गेलों आहों. पायांनीं तुडवून कणीक मळतात म्हणून त्यास पाव म्हणतात, अशी एक व्युत्पत्ति लहानपणीं पुष्कळांनीं ऐकली असेल. ती निव्वळ थट्टा आहे, आणि तींत पाव भाजणाऱ्याविषयीं तुच्छताहि आहे. खरी गोष्ट अशी कीं, हा पोर्तुगीज शब्द आहे. पोर्तुगीज मनुष्य तो नाकांतून, 'पाँव' असा कांहींसा उच्चारतो. त्याचें मूळ लॅटिन भाषेंतील भाकरीचें नांव, 'पानेम'. त्याच मुळापासून इटालियन लोकांचें 'पाने', स्पॅनिश लोकांचें 'पान' व फ्रेंचांचें 'पँ' हीं निघालीं. म्हणजे पोर्तुगिजांनीं व फ्रेंचांनीं स्वतःच लॅटिन शब्दांतला 'न' गाळला आणि त्याचा राहिलेला अंश नाकांत चढविला. एखाद्या जुन्या रोमन पंतोजीनें तो ऐकला असता तर त्यानें खचित कपाळास हात लाविला असता!

पुढें हा शब्द पोर्तुगीज गलबतांत बसून निघाला तो बंदरोबंदरीं उतरला. जपानांत पोर्तुगीज लोक १५४३ सालीं पोंचले. तेथें आजहि पावास 'पान' म्हणतात. सिंहली भाषेंतहि तो 'पान'च. बंगाल्यांत त्याच्या जोडीस देशी रोटी देऊन 'पाउरुटी' केली, जणूं एका शब्दावर भागेना. गोव्यांत तर त्याचें सगळें गोत्रच स्थायिक झालें. पाव भाजणारा तो 'पोदेर', त्याची भट्टी ती 'फोर्न'. हे दोन्ही शब्द पोर्तुगीज. पण त्या भट्टींतून जें बाहेर पडलें त्यास गोंयकारांनीं आपलींच नांवें दिलीं. कोंडा घातलेली फुगीर ती पोय, बांगडीसारखें गोल व कडक तें काकण, आणि गोळ्यासारखा तो उंडो. पूर्वीं पीठ फुगविण्यास परदेशी खमीर मिळत नसे, म्हणून पोदेर माडाची सूर घालीत. असा तो पाव! नांव लिस्बनचें, खमीर आमच्या माडाचें.

हा शब्द आपल्या देशांत निर्वेध मात्र आला नाहीं. परक्यानें भाजलेला पाव तोंडास लागला कीं धर्म गेला, अशी समजूत आपल्या समाजांत फार काळ होती. विहिरींत पावाचा तुकडा टाकून गांवचे गांव बाटविल्याच्या गोष्टी अजून म्हातारीं माणसें सांगतात. मुंबईस १८४९ सालीं स्थापन झालेल्या परमहंस सभेंत प्रवेश करणारास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे, तो याच भीतीचा कणा मोडण्यासाठीं. त्या सभेच्या संस्थापकांत दादोबा पांडुरंग तर्खडकर हे होते. आणि १८३६ सालीं मराठी भाषेचें व्याकरण लिहिणारे दादोबा ते हेच. भाषेचे नियम घालून देणारा मनुष्य पावाच्या एका घांसानें समाजाचा नियम मोडावयास पुढें होतो, हा योगायोग आम्हांस मोठा बोलका वाटतो. आज तोच पाव वड्याला पोटांत घेऊन स्टेशनास्टेशनावर उभा आहे, आणि त्यास परका म्हणण्याचें धैर्य कोणासहि होणार नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, 'पाव' हा उच्चार शुद्ध कीं अशुद्ध? आमच्या मतें हा प्रश्नच चुकीचा आहे. जो शब्द आपल्या घरांत येऊन राहिला, ज्यास आपण विभक्ति लावतों, ज्याचें अनेकवचन करतों, तो आपल्या घरच्या रीतीनेंच बोलावा. देवगडचा बागाईतदार आपल्या आंब्यास 'हापूस' म्हणतो. मूळ शब्द 'आफोंसो' हें पोर्तुगीज नांव आहे म्हणून त्याची जीभ सुधारावयास कोणी गेला, तर तो बागाईतदार त्याच्याकडे दयेनेंच पाहील. चावी, बादली, घमेलें, पगार, फीत हे सगळे त्याच वाटेनें आलेले शब्द. त्यांच्यावाचून आपला एक दिवस जात नाहीं. शब्द कधीं कधीं अकारण लहरहि दाखवितात. पोर्तुगिजांचा 'त' दंत्य. फीत या शब्दांत तो तसाच राहिला, पण त्यांच्या 'बताता'चा आपण 'बटाटा' केला. कां केला, याचें उत्तर बटाट्यासच ठाऊक!

परंतु सगळेच शब्द असे घरचे झालेले नसतात. कांहीं अजून ओटीवर बसलेले पाहुणे आहेत. पाहुण्याचें नांव त्यास विचारून घ्यावें, ही आपली जुनी रीत. त्यांतून तो शब्द एखाद्या धंद्याचा असेल, आणि आपण त्या धंद्यांत शिरत असूं, तर त्याचा मूळ उच्चार शिकणें हें कामाचें अंगच होय. सुतार रंध्यास रंधाच म्हणतो आणि खलाशी नांगरास नांगर. तसेंच ज्यास फ्रेंच रीतीचा पाव भाजावयाचा आहे, त्यानें त्या पावाचीं नांवें फ्रेंच भट्टीवाल्यास कळतील अशीं म्हणावीं. यांत दास्य नाहीं. त्या लोकांनीं हा धंदा फार निगुतीनें सांभाळला आहे. १९९३ सालच्या तेथील एका सरकारी हुकुमानें 'परंपरागत फ्रेंच पाव' या नांवानें विकावयाच्या पावांत पीठ, पाणी, मीठ व खमीर यांच्यापलीकडे जवळजवळ कांहींच घालण्यास वाव ठेविला नाहीं. आणि २०२२ सालीं युनेस्कोनें त्यांच्या लांबट पावाची कारागिरी मानवजातीच्या वारशाच्या यादींत नोंदविली. ज्या वस्तूचा इतका मान, तिचें नांवहि नीट घेतलेलें बरें.

तर मग हीं नांवें आपल्या मुलांस जमतील काय? आमचें उत्तर असें कीं, इंग्रजी मुलांपेक्षां तीं आपल्या मुलांस अधिक सहज जमतील. हें कोणास अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों.

त्या लांबट पावाचेंच नांव घ्या. पुष्कळ जण त्यास 'बॅगेट' म्हणतात. हा ट इंग्रजीच्या वाटेनें आला आहे. फ्रेंच भाषेंत ट व ड नाहींत. तेथें त व द आहेत, तेहि आपल्यासारखे दांतांस जीभ लावून उच्चारलेले. म्हणून त्या पावाचें खरें नांव 'बागेत'. फ्रेंचमध्यें या शब्दाचा अर्थ काठी किंवा छडी. आपण फुलें तोडावयास ज्या 'बागेंत' जातों, त्या शब्दावरचें टिंब काढलें कीं उच्चार झाला! त्यांतला 'गे' किंचित् अधिक तोंड उघडून म्हणावा, इतकेंच. इंग्रज मनुष्यास हा 'त' साधण्यास महिना लागेल. आपल्या पहिलींतल्या मुलास तो पाळण्यांतच मिळालेला असतो.

याहून मोठी गोष्ट नाकांतल्या स्वरांची. फ्रेंच भाषेंत स्वर नाकांतून काढण्याची रीत आहे. भाकरीस ते 'पँ' म्हणतात, खमिरास 'ल्वँ' म्हणतात. ज्यावरून आमच्या विद्यार्थ्याची थट्टा झाली तो शब्द 'क्रुआसाँ' असा आहे. शेवटचा 'साँ' नाकांतून जातो आणि त्यापुढें लिहिलेला व्यंजनांचा जोड मुकाच राहतो. इंग्रजी बोलणाऱ्यांस हे स्वर फार जड जातात. ते बहुधा शेवटीं एक 'न' ठोकून मोकळे होतात. आणि आपलीं मालवणी मुलें? तीं सकाळीं उठल्यापासून 'खंय' आणि 'थंय' करीत असतात. प्रमाण मराठींतील 'तें' त्यांच्या तोंडीं 'तां' होतें, 'झाडें' हीं 'झाडां' होतात, आणि तो 'आं' निर्मळ नाकांतून येतो. १९६२ सालीं ठरलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं आपल्या लिहिण्यांतले असे पुष्कळ अनुस्वार अनुच्चारित म्हणून काढून टाकले. आम्ही या लेखांत ते जुन्या रीतीनें ठेविले आहेत. कारण अनेक ठिकाणीं तें टिंब म्हणजे पूर्वीं खरोखर नाकांतून निघणाऱ्या स्वराची खूण आहे. 'तें' वरचें टिंब पुण्यांत मुकें झालें, पण आमच्या किनाऱ्यावरील 'तां'मध्यें तें अजून बोलतें आहे.

येथें पालकांस एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस आवश्यक वाटतें. पालकांच्या सभेंत आम्ही वारंवार ऐकतों कीं, "मुलाच्या बोलण्यांतला हा मालवणी हेल काढून टाका, तो नाकांत बोलतो, लोक हंसतात." घरीं आई स्वतः मालवणींत बोलते, आणि मुलानें 'खंय' म्हटलें कीं त्याच्या हातावर चापट मारते. मुलगा मग 'कुठे' म्हणावयास शिकतो, आणि त्याबरोबर नाकांतला तो स्वरहि टाकून द्यावयास शिकतो. पुढें अठराव्या वर्षीं तोच मुलगा हॉटेलच्या धंद्याचें शिक्षण घेऊं लागतो, तेव्हां वडील फी भरून त्यास फ्रेंचची शिकवणी लावतात. आणि तेथें शिक्षक पहिल्या दिवशीं काय सांगतो? "स्वर नाकांतून काढा!" जें आईनें फुकट दिलें होतें तें आपण चापट मारून काढून घ्यावयाचें आणि मग पैसे भरून परत विकत आणावयाचें, असा हा व्यवहार आहे. प्रमाण मराठी शिकवावयाची नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ती शिकविण्यासाठींच आम्हांस शाळेनें ठेविलें आहे. पण तीसाठीं मालवणी पुसून टाकण्याची गरज नाहीं. गंगाराम गवाणकरांचें 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळी यांनीं रंगभूमीवर गाजविलें तेव्हां साऱ्या महाराष्ट्रानें ही बोली डोक्यावर घेतली. मग तिच्या स्वतःच्या घरींच तिला दाराआड कां उभें करावें?

आतां जें आपल्या जिभेस खरोखर नवें आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. फ्रेंचांचा र घशाच्या तळाशीं घांसून निघतो. तो न साधल्यास फार खेद करण्याचें कारण नाहीं. फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून विसाव्या शतकापर्यंत जिभेच्या शेंड्यानें र म्हणणारे लोक पुष्कळ होते. त्यांच्या भाषेंत उ आणि ई यांच्यामधला एक चमत्कारिक स्वर आहे. तयार विकत मिळणाऱ्या खमिरास ते 'ल्वूर' म्हणतात त्यांत तो येतो. ओंठ 'ऊ' म्हणण्यासारखे गोल करावे आणि आंत जीभ 'ई'ला ठेवावी. मुलांस हा खेळ फार आवडतो. पावाच्या दुकानास 'बुलाँझरी' म्हणतात. त्यांतला झ आपल्या 'झाडा'चाहि नाहीं आणि 'झेंड्या'चाहि नाहीं. 'श' म्हणत असतांना घशांतून नाद काढला म्हणजे तो येतो. या शब्दाचें मूळ मात्र आपणांस ओळखीचें वाटेल. 'बूल' म्हणजे गोळा, गोल पाव. तो करणारा तो बुलाँझे. आपल्याकडे कणकेच्या गोळ्यास उंडा म्हणतात, आणि गोव्यांत त्याच नांवाचा पाव आहे. म्हणजे फ्रेंच भट्टीवाला आणि आमचा पोदेर हे दोघेहि मूळचे उंडेवालेच!

खरी अडचण जिभेची नाहीं, डोळ्यांची आहे. देवनागरींत लिहिलेलें बहुतांशीं तसेंच वाचण्याची आपणांस संवय. त्यामुळें छापलेलें प्रत्येक अक्षर उच्चारलेंच पाहिजे असें आपणांस वाटतें. फ्रेंच लोक शेवटचीं व्यंजनें लिहितात आणि बोलतांना गिळतात. ज्यास आपण बिस्कीट म्हणतों तो शब्द मूळचा 'दोनदां भाजलेलें' या अर्थाचा. फ्रेंच मनुष्य त्यास 'बिस्कुई' म्हणतो आणि शेवटचा त जिभेवर येऊंहि देत नाहीं. त्यांच्या अक्षरांवरचीं चिन्हें तर आपल्या काना-मात्रांइतकींच महत्त्वाचीं. 'पात' म्हणजे मळलेलें पीठ आणि 'पाते' म्हणजे वाटलेल्या मांसाचा एक पदार्थ. लिहितांना भेद केवळ चिन्हांचा. इंग्रजी छापणारे हीं चिन्हें बेपर्वाईनें गाळतात, आणि मग पिठाच्या जागीं मांस येतें! म्हणून आमचा विद्यार्थ्यांस असा आग्रह आहे कीं, हीं नांवें अक्षरांवरून पाठ न करतां कानानें ऐकावीं, आणि ऐकल्याबरोबर आपल्या वहींत देवनागरींत टिपून ठेवावीं. क्रुआसाँ, बागेत, ब्रिओश, ल्वँ हे शब्द जितके नीट देवनागरींत उतरतात तितके इंग्रजी लिपींत ते इंग्रजी बोलणाऱ्यास वाचतां येत नाहींत. आपल्या लिपीचें हें सामर्थ्य वापरण्यास आपणच लाजतों.

आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. ज्या क्रुआसाँवरून इतका अभिमान व इतका उपहास चालतो, तो तरी अस्सल पॅरिसचा आहे काय? ऑस्ट्रियाच्या ऑगस्ट झांग नांवाच्या गृहस्थानें १८३९ च्या सुमारास पॅरिसमध्यें व्हिएन्ना पद्धतीच्या पावाचें दुकान काढलें, आणि तेथें चंद्रकोरीच्या आकाराचे 'किप्फेर्ल' विकावयास ठेविले. पॅरिसच्या लोकांस ते आवडले. पण 'किप्फेर्ल' म्हणत बसण्याची तसदी त्यांनीं घेतली नाहीं. त्यांनीं त्यास आपल्या भाषेंत सरळ 'चंद्रकोर' म्हटलें, आणि क्रुआसाँ या शब्दाचा अर्थ तोच आहे. व्हिएन्नाचा एखादा भट्टीवाला तेव्हां त्यांस हंसला असेल काय, कोण जाणे.

उच्चारावरून माणूस पारखण्याची खोड मात्र फार जुनी आणि फार घातक आहे. आपल्या पवित्र शास्त्रांत शास्ते नांवाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत ती कथा आहे. गिलादाच्या लोकांनीं एफ्राइमी लोकांचा पराभव करून यार्देन नदीचे उतार अडविले. पळून जाणारा कोणी आला म्हणजे ते त्यास 'शिब्बोलेथ' म्हणावयास सांगत. एफ्राइमी माणसास 'श' म्हणतां येत नसे. तो 'सिब्बोलेथ' म्हणे, आणि त्यास तेथेंच मारून टाकीत. अशीं बेचाळीस हजार माणसें मेलीं असें तेथें लिहिलें आहे. शिब्बोलेथ या इब्री शब्दाचा एक अर्थ धान्याचें कणीस असा आहे. ज्या कणसापासून भाकर होते, त्याच्या नांवावरून भावानें भावाचा गळा कापला! युरोपांतील फ्रिसियन लोकांतहि अशीच एक दंतकथा आहे. सोळाव्या शतकांत त्यांच्या एका बंडखोर पुढाऱ्यानें लोणी, राईचा पाव व चीज यांचीं नांवें घेण्यास लावून आपला कोण व परका कोण हें ठरविलें, असें ते सांगतात. तेथेंहि पावच! हॉटेलच्या स्वयंपाकघरांत आज कोणी कोणाचा गळा कापीत नाहीं हें खरें. परंतु एका शब्दावरून मुलास महिनोन्‌महिने टोपणनांवानें हाक मारणारे सोबती त्याच नदीच्या उतारावर उभे आहेत, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. आणि आमच्या वर्गांतहि असे उतार आहेत. शहरांत दोन वर्षें राहून आलेला मुलगा देवगडच्या मुलाचा 'केक' ऐकून ज्या रीतीनें ओंठ मुरडतो, ती आम्हीं पाहिली आहे.

परक्याची भाषा शिकावयाची तर ती कशी, याचा एक नमुना आपल्याच परिसरांत घडून गेला आहे. थॉमस स्टीफन्स नांवाचा इंग्रज जेसुइट १५७९ सालीं गोव्यास आला. त्यानें आपली भाषा अशी आत्मसात केली कीं, १६१६ सालीं त्याचें ओंवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलें गेलें. आणि कोंकणीचें त्यानें रचिलेलें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें छापून प्रसिद्ध झालें. ट आणि त, ड आणि द, ल आणि ळ हे भेद ज्याच्या मायबोलींत नव्हते, त्या माणसानें ते कानांनीं वेचले आणि रोमन अक्षरांत बसविण्याच्या युक्त्या काढल्या. आरंभीं त्याचे उच्चार ऐकून सासष्टीच्या पोरांनीं तोंडावर हात धरला नसेल असें म्हणवत नाहीं. पण कोणी तरी त्यास धीरानें दहादां म्हणून दाखविलें असलें पाहिजे, त्यावांचून तें पुराण झालें नसतें.

आमच्या मुलांसाठीं आम्ही त्याच धीराची मागणी करतों. ज्या वरिष्ठांच्या हाताखालीं तीं कामास लागतील त्यांनीं शब्द एकदां नीट म्हणून दाखवावा. त्यास पांच सेकंदहि लागत नाहींत. मुलांनीं तो त्याच दिवशीं विचारून घ्यावा, बोट दाखवून वेळ मारून नेऊं नये. आणि शाळेपुरतें बोलावयाचें तर, येत्या स्नेहसंमेलनांत खाद्यपदार्थांची जी जत्रा भरते तींत पावाच्या टेबलावर मांडलेल्या प्रत्येक पदार्थाचें नांव देवनागरींत, जसें ऐकूं येतें तसें, लिहून लावावें अशी सूचना आम्ही मांडली आहे. पोय व काकण यांच्या शेजारीं बागेत व ब्रिओश बसतील. बोर्डिंगांतल्या कांहीं मुलींनीं भट्टीचें काम अंगावर घेतलें आहे. माडी घालून पीठ फुगवावें कीं नाहीं, याविषयीं मात्र मुख्याध्यापकांचा निर्णय अजून व्हावयाचा आहे.

मागील हिवाळ्यांत तारकर्लीस उतरलेले एक फ्रेंच जोडपें आमच्या शाळेच्या आवारांत आलें होतें. त्यांस 'मालवण'मधला ण कांहीं केल्या येईना. ते 'मालवान' म्हणत. नाताळाच्या तयारींत असलेल्या मुलींनीं त्यांस खापरोळी दिली, तेव्हां त्यांतल्या ख आणि ळ यांनीं तर त्या बाईंची फारच त्रेधा उडविली. तीन-चारदां प्रयत्न करून त्यांनीं हात जोडले. आठवींतील एक मुलगी पुढें झाली, जीभ उलटी कशी वळवावयाची तें तोंड उघडून तिनें त्यांस दाखविलें, आणि नारळाच्या रसांत बुडविलेली दुसरी खापरोळी त्यांच्या पानांत वाढली. बाईंनीं ती खाल्ली आणि पुन्हां म्हणून पाहिलें. या खेपेस ळ निम्मा तरी आला होता.